इस्माईलभाई आणि आमची लाईन

इस्माईलभाई दाढी राखायचे आणि पाय भादरायचे.

दाढीचं कोणाला काही वाटलं नाही. पण घोट्यापासून मांडीपर्यंत दोन्ही पाय वस्तऱ्याने तुळतुळीत करून घेणारा पुरुष आमच्या निडी गावात त्याआधी झाला नव्हता, आणि पुढेही होईल असं मला वाटत नाही. रोह्याचा बाळू न्हावी तर पहिल्या दिवशी वस्तरा खाली ठेवून नुसता बघत राहिला.

"भाई, डोकी केली, दाढ्या केल्या, पोरांची जावळं काढली. पण बाप्याचे पाय नाय केले कधी. आज तुमचे केले तर उद्या लोक म्हशी घेऊन येतील दुकानात."

"अरे बाबा, सायन्स हाय त्यात," भाई म्हणाले. "केसात वारा अडकतो. स्पीड मरतो."

शेवटी बाळूने दुकानाच्या पुढच्या फळ्या लावून घेतल्या आणि आत अंधारात काम उरकलं. तरी बातमी भाईंच्या आधी निडीला पोचलीच. भाई घरी आले तेव्हा झुबेदाभाभी दारात उभ्या होत्या. त्यांनी नवऱ्याला खालून वर न्याहाळलं आणि म्हणाल्या, "नशीब माझं, मांडीवर तरी थांबलात!"

हे सगळं झालं ते एका सायकलीपायी.

इस्माईलभाई मुकादम आमचे शेजारी. मिसरूड फुटायच्या वयात आखातात गेले आणि दोह्याला एका कंपनीत क्रेन चालवायला लागले. वर्षाला एकदा रजेवर यायचे. सगळ्या रजा एकापुढे एक मांडल्या तर त्यांचा संसार दोन-अडीच वर्षांचाच भरला असता. येताना अत्तर, ब्लँकेटं, टेपरेकॉर्डर आणायचे, आळीत वाटायचे आणि बिर्याणी खाऊन परत जायचे. त्या वर्षी मात्र जीपच्या टपावर माणसाच्या उंचीचं खोकं बांधून आले. सगळ्या आळीने ते खोकं धरधरून उतरवलं. मोठा टीव्ही असणार याबद्दल कोणाच्याच मनात शंका नव्हती, काही बायका तर बसायला पाट घेऊन आल्या होत्या.

खोक्यातून दोन चाकं निघाली. मग ब्लँकेटात गुंडाळलेला लाल सांगाडा निघाला. मग वाकडं हँडल. भाईंनी सगळं जोडलं आणि एका बोटावर सायकल उचलून दाखवली. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत.

"स्टँड कुठं हाय?" आमच्या राघोने विचारलं.

"नाय."

"कॅरियर?"

"नाय."

"मडगार्ड? घंटी? चेनकव्हर?"

"नाय, नाय, नाय!" भाई आनंदाने म्हणाले.

राघोला त्यांची खरोखर दया आली. "फसवलं तुमाला भाई. अर्धीच सायकल दिली दुकानदारानं."

"माणसं सोनं आणतात," झुबेदाभाभी आतून म्हणाल्या, "ह्यांनी चाकं आणली."

पण मला भाभींनी दुसऱ्या दिवशी वेगळंच सांगितलं. दोह्याच्या कंपनीने भाईंना विचारलं होतं, अजून काही वर्षं राहतोस की कायमचा घरी जातोस? रजा संपायच्या आत फोन करून सांगायचं होतं. भाभींना नवरा घरी हवा होता, हे त्या सरळ बोलल्या. भाई मात्र उत्तरच देत नव्हते. मी एकदा आडून विचारलं तर म्हणाले, "सुधाकर, इथं येऊन मी करू काय? इथं मी पाव्हणा. माज्या घरात मला कपबशीतला चा मिळतो, बाकी सगळे पेल्यातून पितात." खरं होतं ते. आम्हीही त्यांच्यासाठी खुर्ची पुसूनच द्यायचो.

"दोह्यात आमचा ग्रुप हाय," हे मात्र ते दिवसातून कितीदा तरी म्हणायचे. दर शुक्रवारी पहाटे वाळवंटातल्या रस्त्यावर हा ग्रुप निघायचा. त्यात एक डच इंजिनियर, काही फिलिपिनो, एक तिथला अरब आणि आमचे भाई. ग्रुपची शिस्त, ग्रुपचा स्पीड, ग्रुपचे नियम. पाय भादरायचे तेही ग्रुपमुळेच. बोलताना भाईंचे डोळे असे चमकायचे की ऐकणाऱ्यालाही पॅडल मारावंसं वाटायचं.

आता आमच्याकडेही एक ग्रुप होता. त्याला आम्ही लाईन म्हणायचो. निडीतून रोह्याच्या कंपनीत फर्स्ट शिफ्टला जाणारे आम्ही सगळे काळ्या सायकली, मागे डबा, अशी एकामागे एक रांग. सगळ्यांत पुढे तुकारामदादा, वयाने मोठे आणि गुडघ्याने अधू. लाईनचा कायदा साधा होता. दादांच्या पुढे कोणी जायचं नाही. एकाचं चाक बसलं तर सगळ्यांनी थांबायचं. त्यात प्रेम होतं म्हणा, पण अक्कलही होती. एकटा उशिरा गेला तर त्याची हजेरी कापली जायची. आख्खी लाईन उशिरा गेली तर मशीन कोण चालवणार, म्हणून साहेब मुकाट गेट उघडायचा.

या लाईनीत भाई शिरले. पहिल्या दिवशी पहाटे आले ते लुंगी नेसून, कारण आत ती मांडीला चिकटणारी काळी चड्डी होती आणि वस्तीतून तसं जाणं त्यांनाही बरं वाटेना. वस्ती संपली की लुंगी सोडून कमरेला बांधायची. बुटांना खालून लोखंडी खीळ लावलेली, ती पॅडलमध्ये अडकून बसायची. निघताना ठीक होतं. पण निडीचं रेल्वे फाटक बंद होतं. आम्ही सगळे पाय टेकून उभे राहिलो. भाईही थांबले, पण पाय काही सुटला नाही. ते अतिशय सावकाश, चेहऱ्यावरची प्रतिष्ठा जराही न ढळू देता, डाव्या बाजूला आडवे झाले. गाडी जाईपर्यंत सायकलीसकट तसेच पडून होते. गार्डने गाडीतून हिरवा बावटा दाखवला तेव्हा त्यांनी पडल्या पडल्या हातही हलवला.

फाटक उघडलं आणि भाई सुटले. दादांना ओलांडून दिसेनासे झाले, मग उलटे आले, मग पुन्हा गेले. दावं तुटलेल्या वासरासारखा प्रकार होता. राघो चिडला. "दादा, ह्याला बोला काय तरी. लाईनचा कायदा हाय का नाय?"

"जाऊ दे रे," दादा म्हणाले. "पाव्हणा हाय. हौस हाय त्याला."

त्याच वेळी भाई शेजारून चालले होते. त्यांनी ऐकलं. पुढे रोह्यापर्यंत त्यांनी वेग काढला नाही.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी आम्हाला शिकवायला घेतलं. मला वाटतं, पाहुण्याचा मास्तर झाला तर तरी आत घेतील, असा त्यांचा हिशेब असावा. ग्रुपमध्ये म्हणे पुढच्याने धोका बघून मागच्याला ओरडून सांगायचं. मागून गाडी आली तर शेवटच्याने "मागं गाडी!" म्हणायचं. आणि खड्डा दिसला की त्या बाजूचा हात काढून बोटाने तो दाखवायचा.

दोह्यात ही पद्धत चालत असेल. आमच्या रस्त्यावर हात काढला तो परत हँडलवर ठेवायची वेळच येईना. डावीकडे खड्डा, उजवीकडे खड्डा, मध्ये खड्डा. राघोने एकदा दोन्ही हात सोडून दोन खड्डे दाखवले आणि तिसऱ्यात गेला. नागोठण्याच्या बाजूने येणाऱ्या एस.टी.च्या ड्रायव्हरने गाडी थांबवून विचारलं, "काय रे, मोर्चा कसला हाय?" आम्ही मग नियम उलटा केला. जिथे खड्डा नसेल तिथेच हात दाखवायचा. भाई त्यावर इतके हसले की पुन्हा एकदा आडवे झाले.

खरं सांगतो, मजा यायला लागली होती. बॉयलरवर जाताना कोणी इतकं हसत जात नाही. पहाटे पाचला आम्ही "म्हस! डावीकडं म्हस!" असं ओरडत निघायचो आणि वाटेतली घरं जागी व्हायची. भाई कंपनीच्या गेटपर्यंत यायचे, आम्ही आत जायचो आणि ते एकटे परत फिरायचे. गेटवरून मी कधी मागे वळून बघितलं तर ते अजून तिथेच सायकल धरून उभे असायचे.

रजेचा शेवटचा आठवडा आला. फोन काही झाला नव्हता. भाभींनी विचारणं सोडून दिलं होतं आणि भाईंच्या बॅगा माळ्यावरून खाली काढून ठेवल्या होत्या. तशात भाईंनी जाहीर केलं, "सुट्टीला ग्रुप राईड! निडी ते पेण! माज्या मागं फॉर्मेशनमध्ये यायचं."

पेणला रामवाडीत माझी बहीण सुमन राहते. तिला निरोप गेला, पोहे टाकून ठेव, पोतंभर लागतील. सकाळी सगळी लाईन नव्या शर्टात हजर. तुकारामदादाही आले होते, गुडघ्याला तेल चोळून. फक्त त्या दिवशी पुढे भाई आणि मागे आम्ही, अशी दादांनीच परवानगी दिली होती. "येक दिवस त्याचा," ते म्हणाले आणि मागे जाऊन उभे राहिले.

नागोठण्यापर्यंत चांगलं चाललं. पुढे हायवेला लागलो, ऊन चढलं आणि खाडीवरून वारा सुटला. मिठागरांवरून येणारा तो वारा ज्यांनी समोरून खाल्लाय त्यांनाच ठाऊक. पॅडल मारतोय की चिखल तुडवतोय कळत नाही. राघो उतरून सायकल ढकलायच्या बेतात होता.

"चाकाला चाक लावा!" भाई पुढून ओरडले. "वारा मी खातो! माज्या पाठीमागं लपा!"

आम्ही लपलो. आणि काय सांगू! वारा बंदच झाला. भाई पुढे वाकून वारा कापत होते आणि त्यांच्या मागे आमच्या काळ्या, गंजक्या, डब्यांनी खिळखिळ्या झालेल्या सायकली पळायला लागल्या. मी आयुष्यात इतका जोरात गेलो नव्हतो. राघो गाणं म्हणत होता. एका वीटवाल्या ट्रॅक्टरला आम्ही मागे टाकलं तेव्हा त्यावरच्या बाया उभ्या राहून ओरडल्या. मला वाटलं, असंच मुंबईपर्यंत जावं, दिल्लीपर्यंत जावं, शिफ्ट गेली खड्ड्यात!

वडखळच्या नाक्यावर भाईंनी हात वर केला आणि आम्ही सगळे धापा टाकत, हसत थांबलो. भाईंनी मागे वळून बघितलं. एकेकाच्या तोंडावरून त्यांची नजर फिरत गेली आणि त्यांचं हसणं एकदम थांबलं.

"दादा कुठं हाय?"

दादा नव्हते. कुठे सुटले ते कोणालाच माहीत नव्हतं.

"येतील की सावकाश," राघो म्हणाला. "तवर चा मारू."

भाईंचा चेहरा पांढराफटक पडला होता. ते तसेच वळले आणि आलो त्या दिशेने असे सुटले की आधीची धाव म्हणजे फिरायला जाणं वाटावं. मला राहवेना, मीही मागे निघालो.

मिठागरांजवळच्या एका छोट्या पुलापाशी दादा सापडले. सायकल उलटी टाकलेली, चेन निघालेली, आणि दादा कठड्यावर निवांत बसून तंबाखू मळत होते. भाईंनी ब्रेक दाबला, पाय नेहमीप्रमाणे अडकला, आणि ते दादांच्या पुढ्यात धाडकन पडले. पण या वेळी उठलेच नाहीत. तिथेच मातीत बसून राहिले. मी पोचलो तेव्हा ते रडत होते.

"माफ कर दादा. टाकून गेलो तुला. कसम खुदाची, मला कळलंच नाय."

दादांना काही समजेना. "अरे टाकून कुठं? रस्ता येकच हाय. चेन चढवायची आणि यायचं. लागलं का तुला? रडतोस कशाला लेका?"

मग भाई बोलले. मातीतच बसून बोलले. दोह्यातल्या त्या ग्रुपमध्ये ते जेमतेम काही शुक्रवार गेले होते. एका शुक्रवारी वाळवंटातल्या रस्त्यावर त्यांची चेन तुटली. ग्रुपचा नियम होता, मागे राहिला तो राहिला. कोणी थांबायचं नाही. डच इंजिनियरने जाता जाता हात हलवला, इतकंच. ऊन वर येईपर्यंत भाई रस्त्याच्या कडेला बसून होते. मग पाण्याच्या एका टँकरवाल्याने उचललं.

"पुढल्या शुक्रवारी मी गेलो ना," भाई म्हणाले, "तर कुणी विचारलं पण नाय, पोचलास कसा म्हणून. मग मी नाय गेलो परत. एकटाच जातो. सरळ रस्ता हाय, झाड नाय, माणूस नाय. दिव्याच्या खांबांना नावं ठेवलीत मी. हे नागोठणं, ही निडी, हे रोहा. वरडतो पण, मागं गाडी, मागं गाडी. मागं कोण नसतंच. आणि आज मी तेच केलं दादा. तुला टाकला."

मला तोंड कुठे लपवावं कळेना, कारण मीही खूप हसलो होतो त्या ग्रुपच्या गोष्टींवर. दादा मात्र काही वेळ तंबाखू मळतच राहिले. ती त्यांनी दाढेत धरली, हात झटकले आणि उठून भाईंच्या बुटाशी खटपट करून त्यांचा पाय सोडवला.

"तू पुढं नको जाऊस," ते म्हणाले.

भाईंनी मान खाली घातली.

"तू मागं ऱ्हा. सगळ्यात शेवटी."

"शेवटी?"

"व्हय. मागं भरवशाचा माणूस लागतो. कोण सुटला, कुणाची चेन पडली, त्यालाच दिसतं. आजवर तसा कुणी गावला नाय मला. ही पोरं मागं ठेवली तर चा प्यायला थांबतात. म्हणून मी आपला पुढून सारखा वळून वळून बघतो. गुडघा एक वेळ परवडला, मान लई दुखते रे. तू परत आलास ना बघायला? मग झालं तर. आजपासून शेवटची जागा तुजी."

दादांची चेन भाईंनी स्वतःच्या हाताने चढवली, हात काळे झाले ते त्या महागड्या चड्डीला पुसले आणि दादांची सायकल सुलटी करून त्यांच्या हातात दिली.

रामवाडीला पोचलो तेव्हा पोहे गार झाले होते. सुमनने सगळ्यांना झापलं, मग परत गरम करून वाढलं. भाईंना ताट देताना तिचं लक्ष त्यांच्या पायांकडे गेलं. ती मला बाजूला घेऊन हळूच म्हणाली, "सुधाकरदादा, त्यांना काय मोठं दुखणं झालेलं का रे? केस सगळे गेलेत. पोह्याचे पापड देते बांधून, ताकद येईल." भाईंनी पापडाचं पुडकं दोन्ही हातांनी घेतलं.

येताना पुढे दादा, मध्ये आम्ही, आणि सगळ्यांत शेवटी ती लाल सायकल. जितक्या वेगाने गेलो त्याच्या निम्म्यानेही आलो नाही. वारा आता पाठीवर होता, ट्रॅक्टरवाले आम्हाला मागे टाकून जात होते आणि कोणाला त्याचं काही वाटत नव्हतं. मी एकदाच वळून बघितलं. भाईंचे ओठ हलत होते. एकेकाच्या पाठीवर नजर टेकवत ते नावं घेत होते आमची.

निडीला पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. मी त्यांच्याबरोबर घरापर्यंत गेलो, पापडाचं पुडकं माझ्या पिशवीत होतं. झुबेदाभाभी ओटीवर वाट बघत होत्या. शेजारी भरायला काढलेल्या बॅगा तशाच उघड्या पडल्या होत्या.

"किती उशीर!" भाभी म्हणाल्या. "इतकी हलकी सायकल, मग नंबर कितवा आला तुमचा?"

"शेवटचा," भाई म्हणाले. शाळेत पहिला आलेला मुलगा सांगतो तसं त्यांनी ते सांगितलं.

"आणि ते मिरवताय वर?"

"व्हय गो. शेवटचा. कायमचा शेवटचा. दादानं सांगितलं."

भाभींनी माझ्याकडे बघितलं. मी मान डोलावली. मग त्यांनी, भाईंकडे न बघता, हलक्या आवाजात विचारलं, "मग दोह्याच्या सायबाला फोनवर काय सांगायचं?"

भाई ओटीवर बसून बुटांचे बंद सोडत होते. सोडता सोडता म्हणाले, "सांगतो त्याला. म्हणावं, इथं मला जागा मिळाली."